दहा बाय दहा आणि एक टन

(दृश्य : गच्चीचं दार, रणरणतं ऊन)

नागपूर, त्रिमूर्ती नगर. मे महिना, दुपारचे तीन. गच्चीखालच्या या खोलीत पूर्वी गाद्या आणि दिवाळीचे डबे असायचे. आता दोन लोखंडी रॅक आहेत. त्यावर मेथी, मोहरी आणि मुळ्याचे कोवळे कोंब, म्हणजे मायक्रोग्रीन्स.

बाहेर ४५ अंश. कोंबांना हवेत २४.

गारवा म्हटला की नागपुरात आधी कूलर आठवतो. हे कोंब वाढवणाऱ्या ताईंनीही तोच लावला. खोली गार झाली, पण दमटही झाली. चौथ्या दिवशी मोहरीच्या ट्रेवर पांढरा कापूस. मुळांची पांढरी लव पाणी शिंपडलं की दबते. हा दबेना. बुरशीच ती.

मग पोर्टेबल एसी, म्हणजे खोलीत ठेवायचा आणि पाइपाने गरम हवा खिडकीबाहेर टाकणारा. दुकानदार म्हणाला, “दहा बाय दहाच ना? एक टनात जमून जाते.”

नाही जमलं. पारा ३१ च्या खाली उतरेना.

(दृश्य : कालनिर्णयाच्या पाठीवर पेन्सिलीने केलेला हिशेब)

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढणं. आणि एक वॅट म्हणजे तासाला ३.४ बीटीयू. ताईंचा पहिला संशय रॅकवरच्या दिव्यांवर. पण वीस वॅटच्या सोळा ट्यूब आणि दोन छोटे पंखे मिळून ४०० वॅट, म्हणजे १,४०० बीटीयूसुद्धा नाहीत. दिव्यांना उगाच बोल लावला, असं ताईंना तेव्हा वाटलं.

खरी गोम पाइपात होती. एकाच पाइपाचा एसी खोलीतलीच हवा ओढून बाहेर फेकतो. मिनिटाला पाच घनमीटर धरा. या खोलीत हवाच पंचवीस घनमीटर! म्हणजे दर पाच मिनिटांनी खोलीभर हवा बाहेर, आणि तेवढीच झळ दाराच्या फटीतून आत. ती ४५ वरून २४ वर आणायलाच तासाला सहा हजारांवर बीटीयू लागतात. निम्मा एसी तिथेच संपला. उरलेल्यावर दिवसभर तापलेल्या स्लॅबचा हक्क. शिवाय खोक्यावरचा आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तो तेवढा भरत नाही.

दीड टन घ्यायचा मोह ताईंनाही झाला होता. पण बदलून घेतला तो दोन पाइपांचा, एक टनाचाच. हा बाहेरचीच हवा ओढतो, तापवून बाहेरच टाकतो. गच्चीला चुना मारला. दुपारच्या तापात दिव्यांची भर नको, म्हणून ट्यूब आता संध्याकाळी सातला लागतात, सकाळी नऊला विझतात. कोंबांना रात्र आणि दिवसाचं काय?

(दृश्य : खिडकी, दोन पाइप)

पहिल्या दिवशी दोन्ही पाइप शेजारीशेजारी लावले होते. एकाने फेकलेली गरम हवा दुसरा पुन्हा ओढत होता. आता मध्ये थर्माकोलचा तुकडा अडकवलाय. टीव्हीच्या खोक्यातला.