वाघोलीचा निळा, पाषाणचा हिरवा

[दृश्य : वाघोलीजवळची दगडखाण. सुरुंगानंतरची धूळ. मागे क्रशरचा आवाज.]

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावर वाघोली. इथल्या खाणींतून निघतो तो बांधकामाचा काळा दगड. क्रशरमध्ये गेला की खडी होऊन बाहेर पडतो. पण सुरुंग उडाल्यावर अधूनमधून कातळात एखादी पोकळी उघडी पडते आणि आत, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले निळेशार गोळे दिसतात. नखाएवढे, कधी त्याहून लहान. हा कॅव्हान्साइट.

[दृश्य : गोळ्याचा क्लोजअप.]

भिंगातून पाहिलं की कळतं, हा गोळा एकसंध नाही. मधल्या बिंदूपासून चहूकडे सुटलेल्या बारीक सुयांचा तो झुबका आहे. निळाई व्हॅनेडियम या धातूची. हे खनिज पहिल्यांदा सापडलं ते अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, १९६७ साली. पण डोळे भरून पाहावेत असे नमुने जगाला दिले ते वाघोलीने.

हाच गोळा परदेशातल्या एखाद्या क्रिस्टलच्या दुकानात पोचतो तेव्हा त्याच्या शेजारी चिठ्ठी लागते. अंतर्ज्ञान जागवतो. कंठाचं विशुद्ध चक्र मोकळं करतो. मनावरचं मळभ घालवतो.

दगड आपला, चक्रंही आपली. दोघांची सोयरीक मात्र परस्पर तिकडेच जुळलेली!

[दृश्य : सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे. ड्रोन.]

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेला दख्खनचा हा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले. पुढे लाखो वर्षं खडकात पाणी मुरत राहिलं, त्यातली विरघळलेली द्रव्यं या पोकळ्यांत साचत गेली आणि स्फटिक वाढले. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यासाठी फोडलेल्या कातळातले स्फटिक तेव्हाच विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. जळगावकडे तर विहीर खणतानाही ते निघतात.

[दृश्य : हिरवा अपोफिलाइट, हातात फिरवताना.]

माझा सगळ्यात आवडता हा. पुण्याच्या पाषाण भागातला हिरवा अपोफिलाइट. आता तिथे वस्ती झाली, जुने नमुने संग्राहक जपून ठेवतात. बाजूने पाहिला तर काचेसारखा स्वच्छ, कडेला बारीक उभ्या रेघा. वरून पाहिला की त्याच स्फटिकावर मोत्याची झाक येते. हातात थोडासा कलता केला तरी उजेड जागा बदलतो. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

हिरवा म्हणून हा हृदयाचा, अनाहत चक्राचा दगड, असं दुकानदार सांगतात. आता गंमत पाहा. सोळाव्या शतकातल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात अनाहताचं कमळ बंधूकाच्या फुलाच्या रंगाचं सांगितलंय. बंधूक म्हणजे आपलं ‘दुपारी’ नावाचं फूल. लालभडक! इंद्रधनुष्याचे सात रंग सात चक्रांना वाटून देण्याची टूम विसाव्या शतकातली, पश्चिमेकडची. आपल्या नवरत्नांतही यातला एकही दगड नाही, आणि ते साहजिक आहे. अपोफिलाइटवर चाकूचा ओरखडा उठतो. अंगठीत बसवला तर किती दिवस टिकणार?

[दृश्य : स्टिल्बाइट, केशरी-गुलाबी.]

हा स्टिल्बाइट. मधे आवळलेली कडब्याची पेंढी दोन्ही टोकांना फुलावी, तसा याचा घाट. शांत झोपेसाठी उशाशी ठेवा म्हणतात. नाशिककडचा पांढरा, सुयांचा स्कोलेसाइट, त्याचीही ख्याती तीच.

[दृश्य : टेबलावर दोन स्फटिक, शेजारी शेजारी.]

खरंच काही होतं का? लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी हे तपासलं आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. ८० जणांपैकी निम्म्यांच्या हातात खरा क्वार्ट्‌झ, निम्म्यांच्या हातात नकली. कुणाला ऊब जाणवली, कुणाला मुंग्या आल्या, कुणाला प्रसन्न वाटलं. पण खरा आणि नकली, दोन्हीकडे सारखंच. ज्यांना काय काय जाणवू शकतं हे आधी सांगितलं होतं, त्यांना ते जास्त जाणवलं.

म्हणजे लोकांना काहीच वाटलं नाही, असं नाही. वाटलं. दगडाने केलं नाही, एवढंच. मला स्वतःला यात खट्टू होण्यासारखं काही दिसत नाही. हिरवा अपोफिलाइट पाहून माझं मन उल्हसित होतं, आणि त्याला चक्राची चिठ्ठी लागत नाही. झोप खरोखरच उडाली असेल तर मात्र स्टिल्बाइटवर विसंबू नका, डॉक्टर गाठा.

[दृश्य : सिन्नर, संग्रहालयाची दालनं.]

हे सगळं एका छताखाली पाहायचं असेल तर नाशिकहून शिर्डीला जाताना सिन्नरला थांबा. तिथे ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी ते उभं केलं.

[दृश्य : ओकेनाइट, पांढरा मऊ झुबका.]

आणि घरी आणायचाच असेल तर ओकेनाइटबद्दल एक सांगून ठेवतो. मुंबई-पुण्याच्या खाणींतला हा पांढरा झुबका मऊ दिसतो, हात लावायचा मोह होतो. लावू नका. तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. दगडांच्या ‘शुद्धीकरणा’साठी मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगतात, तसं केलंत तर ओकेनाइटचा बोळाच होईल. बाजारात गुलाबी आणि निळे ओकेनाइटही मिळतात. ते रंगवलेले असतात. पांढराच मागा.