तिसरी घंटा साडेसहाला

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत जिथं जिथं हा आवाज पोचतोय, तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

आमच्या मंगळवार पेठेतल्या कलाकेंद्रात येत्या महिन्यात काय काय आहे, ते सांगायला आज आलोय. तीन कार्यक्रम आहेत. एक व्याख्यान, एक सिनेमा आणि एक हलगीचा कार्यक्रम. तिन्हींना प्रवेश मोफत. कागद-पेन शोधायची घाई करू नका, दिवस आणि वेळा शेवटी परत सांगणार आहे.

व्याख्यान आहे पॅलेस थिएटरवर. हे नाव ऐकून तरुण मंडळी म्हणतील, हे कुठलं आणि? अहो, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 साली पुरं झालेलं. त्याच्या थोडं आधी, 1912 साली, महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं होतं, आणि थिएटर बांधलं ते त्या मैदानाला लागूनच. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच. लहान वयात शारदेच्या भूमिकेनं गाजले, 1908 मध्ये ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघं एकतीस. नाट्यगृहाला आग लागली ती 8 ऑगस्ट 2024 ला, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. त्या रात्री बाहेर रस्त्यावर उभी असलेली माणसं मी बघितलीत, जन्मात कधी नाटकाचं तिकीट न काढलेली माणसंसुद्धा डोळे पुसत होती. व्याख्याते इमारतीचे जुने फोटो पडद्यावर दाखवणार आहेत. बाकी त्यांच्याच तोंडून ऐका.

पण खासबाग आणि नाट्यगृह शेजारी शेजारी म्हटलं की मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरात ही गोष्ट सुरू झाली की मंडळी पाणी प्यायला उठतात. तुम्ही रेडिओ लावून बसलाय, तुम्हाला ऐकावी लागणार.

मी तेव्हा शाळकरी पोरगा. पेठेतल्या हौशी मंडळींचं एक ऐतिहासिक नाटक होतं, दुपारचा प्रयोग. पडद्याची दोरी आण्णांच्या हातात, आणि मी आण्णांच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे चहा आणायचा, विंगेत बोलणाऱ्यांना गप्प करायचं आणि आण्णांची तपकिरीची डबी सांभाळायची. नाटकात म्हातारा किल्लेदार होता. ते काम करणारे गृहस्थ गुळाच्या अडतीत दिवाणजी, पण अंगापिंडानं पैलवान, उमेद सगळी तालमीत गेलेली. त्यांचा पुतण्या गंगावेश तालमीचा, आणि नेमकी त्याच दिवशी खासबागेत त्याची कुस्ती. आता दिवाणजींनी करावं काय? मिशी चिकटवली, अंगरखा चढवला आणि कान भिंतीकडं लावून बसले.

पहिल्या अंकापासून पलीकडनं हलगी ऐकू येत होती. प्रेक्षकांना त्याचं काही नाही, कोल्हापूरचा प्रेक्षक एका कानानं नाटक आणि एका कानानं कुस्ती ऐकू शकतो. शेवटचा अंक आला. किल्लेदाराला गोळी लागलीय, लेकानं डोकं मांडीवर घेतलंय, आणि किल्लेदार शेवटचं बोलतोय. लांबलचक भाषण होतं ते. आणि नेमकी तिकडं हलगी चढली. हलगी चढली म्हणजे मोठी कुस्ती लागली, हे इथं शेंबड्या पोराला कळतं. किल्लेदार बोलतोय, हलगी वाजतीय, आणि एकदम हलगी थांबली. चिडीचूप. म्हणजे कुणाची तरी पकड बसली.

किल्लेदारही थांबला. वाक्य अर्ध्यावर, तोंड उघडं, डोळे वर छताकडं. थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल. बायकांनी पदर डोळ्याला लावले. पुढच्या रांगेतले एक जाणते गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “काय जागा घेतलीय हो! असा पॉज गेल्या दहा वर्षांत बघितला नाही.” आणि तेवढ्यात पलीकडनं जो गलका उठला म्हणता, विंगेतले कंदील हलले. किल्लेदारानं घाईघाईनं उरलेली दोन वाक्यं उरकली, मान टाकली आणि मेला.

लेकाचा विलाप सुरू झाला. “आबासाहेब! आबासाहेब, डोळे उघडा!” आबासाहेबांनी डोळे नाही उघडले, पण ओठांच्या कोपऱ्यातनं विंगेकडं आवाज आला, “कोण पडलं?”

प्रॉम्प्टर बिचारा वही चाळायला लागला, त्याला वाटलं आपलंच पान चुकलं. आण्णा मात्र तालमीतले. त्यांनी माझ्या पाठीत एक हाणली, “जा रं पळत, बघून ये.” मी मागच्या दारानं बाहेर. मैदानाच्या कडेला उभ्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, “गंगावेशचं पोरगं जिंकलं की! घिश्श्यावर घेतला, सरळ आस्मान!” मी परत. नाटककारानं विलाप दोन पानांचा लिहिला होता ते बरं झालं, लेक अजून रडतच होता. पण आता प्रेताला निरोप द्यायचा कसा? पुढची एंट्री एका मावळ्याची. त्यानं यायचं, मुजरा करायचा आणि “आबासाहेब, गड राखला!” एवढंच म्हणायचं. आण्णांनी त्याच्या कानात सांगितलं. मावळा गेला, गुडघ्यावर बसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आबासाहेब, गड राखला! आणि आपल्या पोरानं घिश्श्यावर कुस्ती मारली!”

मेलेल्या किल्लेदाराच्या मिशा हसल्या. चिकटवलेल्या मिशा होत्या, एक बाजू सुटलीच. बाल्कनीतनं शिट्टी आली, मग टाळ्या, मग कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आता वन्स मोअर पदाला घेतात, मरणाला नव्हे. पण थिएटर ऐकेना. शेवटी दिवाणजी उठून बसले, प्रेक्षकांना हात जोडले, पुन्हा लेकाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पहिल्यापेक्षा झकास मेले. लेकाचं काम करणारा नट पुढं आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

असो. वेळ बघितली तर माझा निम्मा कार्यक्रम यातच गेला.

सिनेमा आहे 1932 चा, ‘अयोध्येचा राजा’. मराठीतला पहिला बोलपट. प्रभातनं केलेला, आणि प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती बरं का, पुण्याला गेली ती 1933 मध्ये. व्ही. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. बघताना एवढं ध्यानात ठेवा की तेव्हा प्लेबॅक नव्हतं. कॅमेऱ्यासमोर नट अभिनय करता करता गाणार, आणि साजिंदे तिथंच, चौकटीच्या बाहेर बसून वाजवणार. गाण्यात कुणी खोकलं की सगळं पहिल्यापासून. हे शांताराम, दामले, फत्तेलाल सगळे तयार झाले बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, आणि कंपनीला भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. गावात पुतळे पुष्कळ आहेत, तानीबाईंचं नाव निदान एखाद्या रस्त्याला द्यावं असं मला वाटतं. सिनेमा सकाळी आहे, तेव्हा मिसळ खाऊन या, पण कट बेतानं घ्या, अंधारात झोप लागते. आणि मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड. पाव मागणारा बाहेरगावचा.

तिसरा कार्यक्रम हलगीचा. केंद्राच्या अंगणात हलगी आणि घुमकं. कुस्तीचा ठेका वेगळा, लेझमीचा वेगळा, मिरवणुकीचा वेगळा, तो फरक वाजवून दाखवणार आहेत. आधी हलगी शेकोटीवर शेकतात, कातडं ताणलं जातं आणि आवाज चढतो. ते बघायला लहान पोरांना अर्धा तास आधीच आणा.

एक विनंती, जरा कडक आहे. आमच्याकडं दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांची ओळख नाही, ओळख करून देणाऱ्याची ओळख नाही, शाल-नारळ तर नाहीच. साडेसहा म्हणजे साडेसहा. उगाच “आपल्याकडं सातशिवाय सुरू होत नाही” म्हणून घरी चहा पीत बसू नका. आणि मोबाइल बंद. थरथरतो त्यावर ठेवू नका, बंद करा.

आता घ्या लिहून. व्याख्यान दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहा. सिनेमा त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहा. हलगी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, पुन्हा संध्याकाळी साडेसहा. परत एकदा: दुसरा शनिवार साडेसहा व्याख्यान, रविवार सकाळी दहा सिनेमा, शेवटचा शनिवार साडेसहा हलगी. पाऊस आला तर हलगी आतल्या हॉलमध्ये होईल, तिथं खुर्च्या कमी आहेत, तेव्हा ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी सतरंजीवर बसायची तयारी ठेवा. गाड्या बोळात लावू नका, शेजारचे भांडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नमस्कार.