कार्बोनिलच्या कार्बनवर होणारा हल्ला

नमस्कार. कार्बोनिल संयुगं म्हटलं की विद्यार्थ्यांचे चेहरे पडतात, आणि मला ते समजतं. टॉलेन्स, फेलिंग, कॅनिझारो, ग्रिन्यार, विटिग... माणसांच्या नावांची ही लांबलचक यादी घोकायची, उत्तरपत्रिकेत ओकायची आणि मोकळं व्हायचं. आज मी या यादीच्या विरोधात बोलणार आहे. यातल्या बहुतेक अभिक्रियांची सुरुवात एकच आहे. फरक पडतो तो नंतर काय होतं त्यामुळे.

फळ्यावर बघा. कार्बन, ऑक्सिजन आणि मधे दोन रेघा, म्हणजे दुहेरी बंध; हाच कार्बोनिल गट. विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, पॉलिंगच्या मापावर ऑक्सिजनची 3.44, कार्बनची 2.55. ही रस्सीखेच आधीच एकतर्फी आहे. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकतात आणि कार्बन किंचित धनप्रभारित राहतो. त्यात हा गट सपाट, कोन साधारण 120 अंशांचे, म्हणजे वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू मोकळ्या. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी देण्यासारखी आहे, तो न्यूक्लिओफाइल या कार्बनवर येणारच. तो येतोही ठरावीक दिशेने. 1970च्या दशकात बुर्गी आणि ड्युनिट्झ यांनी स्फटिकांच्या रचना तपासून दाखवलं, की तो नव्वद अंशांत सरळ उतरत नाही; ऑक्सिजनपासून थोडा लांब राहून, सुमारे 107 अंशांच्या कोनात येतो.

हल्ला झाला की दुसरा बंध तुटतो आणि ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो. पुढे? कधी ऑक्सिजन एक प्रोटॉन घेऊन तिथेच बसतो आणि अल्कोहोल मिळतं. ग्रिन्यारची 1900 सालची अभिक्रिया ही अशी, तिला 1912 मध्ये नोबेल मिळालं. कधी ऑक्सिजन पाण्याच्या रूपात बाहेर पडतो आणि त्या जागी नायट्रोजन येतो. एस्टर किंवा अमाइड असेल, म्हणजे कार्बोनिलच्या कार्बनला ऑक्सिजनचा किंवा नायट्रोजनचा गट जोडलेला असेल, तर दुसराच एखादा गट निघून जातो आणि कार्बोनिल पुन्हा उभा राहतो. पेनिसिलिनचं काम या शेवटच्या प्रकारात मोडतं. त्याच्या चौकोनी, ताणलेल्या वलयातल्या कार्बोनिलवर जिवाणूच्या एन्झाइममधलं सेरीन हे अमिनो आम्ल हल्ला करतं, वलय उघडतं आणि एन्झाइम तिथेच अडकून पडतं. भिंत बांधणारा कारागीरच बंद पडल्यावर जिवाणू टिकत नाही.

चौथी शक्यता अशी, की आलेला पाहुणा परतही जाऊ शकतो. पाठ्यपुस्तकं हिला एका उलट्या बाणात गुंडाळतात. मला विचाराल तर दैनंदिन व्यवहारातली निम्मी गंमत या उलट्या बाणात आहे.

फॉर्मलिन घ्या, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. बाटलीवर फॉर्मल्डिहाइड 37 टक्के लिहिलेलं असतं, पण आत मोकळं फॉर्मल्डिहाइड जवळपास नसतंच; पाण्याने हल्ला करून त्याचं हायड्रेट केलेलं असतं. अ‍ॅसिटोनचं मात्र पाण्यात तसं काही होत नाही. हजारातला एखादा रेणू हायड्रेट झाला तर झाला. दोन मिथिल गट इलेक्ट्रॉन पुरवतात आणि वाटही अडवतात. फॉर्मल्डिहाइडला असं संरक्षण नाही. म्हणून ते प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला धरतं, मग शेजारच्या साखळीला धरतं, आणि एका कार्बनचा पूल तयार होतो. ऊती घट्ट होतात, सडत नाहीत. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकतात तो यासाठी. हाच उद्योग जिवंत शरीरात नको असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. आणि फिनॉलशी गाठ घातली तर त्याच पुलांचं बेकलाइट होतं, बेकलंड यांचं, 1907 सालचं. विजेची जुनी काळी बटणं आठवा.

नेलपॉलिश काढताना अ‍ॅसिटोन वापरतात, तिथे मात्र अभिक्रिया होतच नाही. ते नुसतं विरघळवतं आणि 56 अंशांना उकळणारं असल्यामुळे पटकन उडून जातं. उपयोग म्हटला की अभिक्रिया असलीच पाहिजे असं नाही.

वासांबद्दल थोडक्यात: व्हॅनिला, दालचिनी, कडू बदाम हे सगळे अल्डिहाइडांचे वास, म्हणजे ज्यांच्या कार्बोनिलच्या कार्बनला हायड्रोजन जोडलेला असतो अशा संयुगांचे. बेंझाल्डिहाइडची जुनी बाटली मिळाली तर झाकणाखालची कड निरखून पाहा. पांढरे स्फटिक जमलेले दिसतील. ते बेंझोइक आम्ल; हवेतल्या ऑक्सिजनने आपण होऊन केलेलं.

अल्डिहाइडचं हे सहज ऑक्सिडीकरण आता इथेच पाहू. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले, तपकिरी अवक्षेप आला. आता अमोनिया, थेंबाथेंबाने, अवक्षेप जेमतेम विरघळेपर्यंत. मग ग्लुकोज, आणि नळी गरम पाण्यात. हलवू नका. आधी द्रावण गढूळ होतं, मग काचेवर राखाडी छटा, आणि बघता बघता आरसा. नळी अस्वच्छ असेल तर आरशाऐवजी काळी भुकटी मिळते, आणि खापर बिचाऱ्या ग्लुकोजवर फुटतं. उरलेलं द्रावण ठेवून द्यायचं नाही हे मात्र बजावून सांगतो. त्यात स्फोटक संयुग तयार होतं. लीबिग यांनी 1835 मध्ये ही चांदी पाहिली, आणि पुढे पाऱ्याच्या विषारी वाफांत काम करणाऱ्या आरसे कारागिरांची त्यातून सुटका झाली.

आता एक अडचण. द्रावणातलं ग्लुकोज जवळपास सगळं वलयाच्या रूपात असतं. त्याच्या अल्डिहाइडवर त्याच्याच पाचव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलने हल्ला केलेला असतो. मोकळी साखळी एक टक्क्याच्या दशांशाहूनही कमी. मग आरसा कसा? उलटा बाण! मोकळी साखळी वापरली गेली की आणखी वलयं उघडतात.

आणि ही इवलीशी मोकळी साखळी रक्तातही असते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला व्हॅलिनचा अमिनो गट असतो. तो ग्लुकोजच्या अल्डिहाइडवर हल्ला करतो, पाणी बाहेर पडतं, इमाइन बनतं, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन येतो. इथवर परतीची वाट उघडी असते. पण इमाइनची अंतर्गत फेरमांडणी झाली, जिला अमाडोरी फेरमांडणी म्हणतात, की ती वाट जवळपास बंद. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि या काळात ग्लुकोज जितकं जास्त, तितकं असं हिमोग्लोबिन जास्त. मधुमेहाची एचबीएवनसी चाचणी हेच मोजते. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून ती फसत नाही. बन आणि हिगिन्स यांनी 1981 मध्ये असा तर्क मांडला, की सजीवांनी ग्लुकोज निवडलं ते कदाचित या बंदिस्तपणामुळेच. ते प्रथिनांना इतर साखरांपेक्षा कमी चिकटतं. तर्कच आहे, पण मला पटतो.

मागून प्रश्न आलाय: तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील तर? चांगला प्रश्न. मग हिमोग्लोबिनला ग्लुकोजच्या सहवासात पुरेसा वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा, कमी येतो. अशा रुग्णांत फ्रुक्टोसामाइन मोजता येतं. अभिक्रिया तीच, फक्त अमिनो गट रक्तद्रवातल्या प्रथिनांचा, मुख्यतः अल्ब्युमिनचा. ते लवकर बदलत असल्यामुळे ही चाचणी मागच्या दोन-तीन आठवड्यांपुरतंच सांगते.