चौदा सेकंदांच्या आधीची सतरा वर्षं

[दृश्य : पॅरिसची शर्यत. आवाज बंद, फक्त चित्र.]

३० ऑगस्ट २०२४. पॅरिस पॅरालिम्पिक, महिलांची शंभर मीटर, गट टी-३५, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायू आखडणाऱ्या धावपटूंचा. चीनची जोउ शिया १३.५८ सेकंदांत पोचते, तिच्याच देशाची गुओ छ्येनछ्येन १३.७४ मध्ये. तिसरी येते प्रीती पाल, १४.२१. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगरची, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. भालाफेक, थाळीफेक, उंच उडी यांत भारताला पॅरालिम्पिक पदकं होतीच. ट्रॅकवर धावून मिळवलेलं हे पहिलं. दोनच दिवसांनी दोनशे मीटरमध्ये ३०.०१ सेकंद, पुन्हा कांस्य.

[दृश्य : ग्वाल्हेर, दौलतगंज. वाड्याचा दरवाजा, आत चपला-बूट.]

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या वाड्यात ती शर्यत मोबाइलवर निदान शंभरदा तरी लागली असेल. लावणारी मुलगी आता नववीत आहे. तिचं नाव आम्ही सांगणार नाही, आईची तशी इच्छा आहे. तिचे बूट मात्र बघा. उजव्या बुटाचं रबर अंगठ्यापाशी घासून आतलं कापड दिसायला लागलंय आणि टाच जवळजवळ कोरी आहे. चालताना तिची टाच टेकतच नाही, पंजा फरफटतो.

दुखणं पायात नाही, पायांना हुकूम देणाऱ्या मेंदूत आहे. जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लगेच मेंदूला इजा होते, तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. ती इजा पुढे वाढत नाही. पण पोटरीचे, मांडीचे स्नायू सतत आखडलेले राहतात, आणि मूल उंच होऊ लागलं की हाडं लांबतात तसे ते स्नायू लांबत नाहीत. म्हणून रोजचा ताण द्यायचा व्यायाम. या घरात तो मुलगी तीन वर्षांची असल्यापासून चालू आहे. आई सांगते, "दिवाळी असो, लग्न असो, फिजिओ चुकला नाही."

मैदान मात्र कोणीच सुचवलं नाही. डॉक्टरांनी नाही, शाळेनंही नाही. खेळाच्या तासाला हिच्याकडे मुलांची हजेरी घ्यायचं काम असे, तेही मायेनंच दिलेलं. आजी अजून म्हणते, "अगं, पडून जाईल ना ती!"

[दृश्य : प्रीती पालची छायाचित्रं.]

प्रीतीचं बालपणही उपचारांतच गेलं. जन्मानंतर लगेचच कमरेखाली प्लास्टर. मग जो जे सांगेल ते करून पाहणं. पाचव्या वर्षी पायांना कॅलिपर, म्हणजे पाय सरळ धरणारे आधार, लागले आणि ते आठ वर्षं राहिले. या सगळ्याचा उद्देश एकच होता, मुलगी नीट चालावी. ती धावेल, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. सतरा वर्षांची असताना तिनं स्वतःच फोनवर पॅरालिम्पिकची दृश्यं पाहिली. पुढे फातिमा खातून ही पॅरा खेळाडू भेटली आणि स्पर्धांची वाट कळली. ही वाट दाखवायला एक खेळाडू लागली; आठ वर्षं कॅलिपरचे पट्टे आवळणाऱ्यांपैकी कोणाला ती दिसली नाही. आम्हाला तक्रार करायची आहे ती एवढीच.

दिल्लीत प्रशिक्षक गजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तिच्या धावण्याला शिस्त आली. २०२३ च्या हांगचौ आशियाई पॅरा स्पर्धेतून ती रिकाम्या हातानं परतली. मे २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत दोनशे मीटरचं कांस्य मिळालं आणि मग पॅरिस. तिथल्या समारोपात तिरंदाज हरविंदर सिंगबरोबर तिरंगा तिच्या हातात होता. त्यानंतर अर्जुन पुरस्कार.

[दृश्य : स्टार्टची रेषा. पाय, अगदी जवळून.]

आता टी-३५ म्हणजे काय, ते पाहू. टी म्हणजे ट्रॅक. सेरेब्रल पाल्सी आणि तशाच त्रासांसाठी ३१ ते ३८ हे आकडे आहेत. ३४ पर्यंतचे खेळाडू व्हीलचेअरवर, ३५ पासून पुढचे स्वतःच्या पायांवर. आकडा लहान तेवढा परिणाम जास्त. म्हणजे पायांवर धावणाऱ्यांत सगळ्यात अवघड शरीर टी-३५ चं.

धावताना एक स्नायू आवळला की त्याच्या समोरच्यानं सैल व्हायचं असतं. इथे दोघंही एकदम आवळतात, ब्रेकवर पाय ठेवून गाडी पळवावी तसं. गुडघा वर येत नाही, पाऊल लांब पडत नाही. त्यात बंदुकीचा बार! दचकून अख्खं शरीर ताठ होतं, आणि तो ताठरपणा सुटेपर्यंत पहिली दोन पावलं गेलेली असतात. म्हणून आधी सराव असतो तो आवाजाचा. टाळी, मग फळीचा आवाज, मग बार. बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण शंभर मीटरमधलं अर्धं काम इथेच होतं. पॅरिसमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात अंतर होतं ०.४७ सेकंदांचं.

आणि हे लक्षात घेतलं की २०२५ ची दिल्ली वेगळी दिसते. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, जागतिक स्पर्धा, समोर घरचे प्रेक्षक. बंदुकीतल्या बिघाडामुळे शंभर मीटरची शर्यत पुन्हा घ्यावी लागली. ज्यांचे स्नायू एका स्टार्टनंतर दगड होतात त्यांना पुन्हा रेषेवर उभं राहायला सांगणं म्हणजे काय, हे टीव्हीवर कळत नाही. प्रीती १४.३३ सेकंदांत दुसरी आली. वेळ पॅरिसपेक्षा कमी प्रतीची, पदक वरचं. त्याच स्पर्धेत दोनशे मीटरचं कांस्यही.

[दृश्य : ग्वाल्हेर, जानेवारीतली सकाळ, धुकं.]

आपल्या गावाचं सांगायचं तर खेळाच्या बाबतीत ग्वाल्हेर गरीब नाही. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून इथे आहे, १८५७ च्या उठावाला शंभर वर्षं झाली त्या साली सुरू झालेली. दिव्यांग खेळाडूंसाठी अटल बिहारी वाजपेयींच्या नावाचं प्रशिक्षण केंद्रही याच शहरात उभं राहिलं. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली, तेव्हाचा अंदाजित खर्च १७०.९९ कोटी. पॅरा कॅनोइंग, म्हणजे दिव्यांगांच्या होड्यांच्या शर्यतींतली प्राची यादव ग्वाल्हेरचीच. म्हणजे ट्रॅक आहे, तलाव आहे, डोळ्यांसमोर उदाहरणही आहे. दौलतगंज ते ट्रॅक हे अंतर तरीही फार लांब पडतं, कारण फिजिओच्या कागदावर 'चालणे सुधारले' असं लिहिलं की घरच्यांना वाटतं, झालं आपलं काम.

या मुलीच्या घरी तसं होणार होतं. तिनंच हट्ट धरला. आईनं स्कूटीवर मागे बसवून मैदानावर नेलं. थंडीत ताठरपणा वाढतो, त्यामुळे इतर मुलं दोन फेऱ्या मारून मोकळी होतात तेव्हा हिचं अंग तापवणंच चालू असतं. स्वेटर, त्यावर जॅकेट, ते शेवटच्या क्षणी काढायचं. पहिल्या महिन्यात ती पुष्कळ पडली. कोपरं सोलवटली. आजीला ती फुलबाह्यांचा कुर्ता घालून भेटायची.

तिचं वर्गीकरण अजून झालेलं नाही. तपासणारे तज्ज्ञ स्नायूंचा ताण बघतील, ट्रॅकवर पळवून बघतील, मगच ती कोणत्या गटात ते ठरेल. ३५ किंवा ३६, काहीही असू शकतं. पॅरिसच्या वेळांशी तुलना करू नका, असं प्रशिक्षकांनी बजावलंय. ती करतेच.

पुढच्या वर्षी दहावी. बाबा म्हणाले, "वर्षभर मैदान बंद ठेवू." त्यावर आई काही बोलली नाही. गणिताच्या क्लासला जाऊन तिनं सरांना विचारलं, सकाळची बॅच संध्याकाळी होईल का. सर म्हणाले, "काकू, साडेसहाला पाठवा."