सर्व्हरमधल्या नेटवर्क कार्डासाठी कोणता स्लॉट?

सर्व्हरच्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, कार्ड बसवायचे दोन लांब स्लॉट दिसायला हुबेहूब सारखे असू शकतात. मात्र पहिल्याला प्रोसेसरकडून सोळा लेन, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या मार्गिका, मिळतात आणि दुसऱ्याला फक्त चार. नेटवर्क कार्ड दोन्हींत घट्ट बसते, दिवाही लागतो, आणि फसगत होते ती इथेच.

1992 साली आलेली पीसीआय बस, म्हणजे कार्डांना प्रोसेसरशी जोडणारा सामायिक मार्ग, 32 बिट रुंद होती आणि 33 मेगाहर्ट्झवर चालायची. तिची कमाल क्षमता सेकंदाला 133 मेगाबाइट, आणि तीही बसवरच्या सगळ्या कार्डांनी वाटून घ्यायची. गिगाबिट इथरनेटला दोन्ही दिशांना मिळून सेकंदाला 250 मेगाबाइट लागत असल्याने सर्व्हरसाठी ही बस लवकरच तोकडी पडली. पुढे आलेल्या 64 बिटांच्या पीसीआय-एक्सने 133 मेगाहर्ट्झवर सुमारे 1066 मेगाबाइटची मजल गाठली खरी, पण बस सामायिकच राहिली. तिच्यावर 66 मेगाहर्ट्झचे एखादे जुने कार्ड बसवले, की शेजारचे वेगवान कार्डही निमूटपणे 66 वर उतरत असे. शिवाय 10 गिगाबिटच्या पोर्टला एका दिशेनेच 1250 मेगाबाइट हवे असतात.

पीसीआय एक्सप्रेसने वाटणीचा हा प्रश्न मुळातूनच सोडवला. येथे प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन असतात आणि डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतो. पहिल्या पिढीत एका लेनमधून एका दिशेला 250 मेगाबाइट जात, तिसऱ्या पिढीत सुमारे 985 जातात, चौथीत त्याच्या दुप्पट. म्हणूनच 100 गिगाबिटच्या एका पोर्टला तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन पुरतात. कार्डावर असे दोन पोर्ट असतील आणि दोन्ही पूर्ण भाराने चालवायचे असतील, तर मात्र चौथ्या पिढीच्या सोळा लेन लागतात.

चौथ्या पिढीचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये कसलीही त्रुटी न दाखवता निम्म्या वेगाने चालते, आणि आमच्या मते उघड बिघाडापेक्षा हे अधिक त्रासदायक आहे. लिनक्समधील ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या सविस्तर उत्तरात कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष जुळलेला वेग या दोन वेगळ्या ओळी असतात. त्या ताडून पाहिल्याशिवाय नवे कार्ड कामाला जुंपू नये.

दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये आणखी एक मेख असते. प्रत्येक स्लॉट कोणत्या तरी एकाच प्रोसेसरला जोडलेला असतो. नेटवर्कचे काम दुसऱ्या प्रोसेसरवर चालत असेल, तर डेटाला दोहोंमधला दुवा ओलांडावा लागतो आणि विलंब वाढतो. कोणता स्लॉट कोणाचा, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतील आकृतीत दाखवलेले असते.