बॅटरी बदलली, सवय जुनीच

मंडळी, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात बॅटरी म्हटलं की अजून ॲसिडचीच बॅटरी डोळ्यांपुढे येते. डिस्टिल्ड वॉटर घाला, फुल्ल चार्ज ठेवा, उतरू देऊ नका. तिच्या बाबतीत ते बरोबरच होतं. अर्धवट चार्जवर पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियम-आयन १९९१ साली बाजारात आली, आणि तिचा स्वभाव उलटा. फुल्ल होऊन नुसतं बसून राहणं तिला सोसत नाही. आपण मात्र रात्री दहाला विजेवरची स्कूटर प्लगला लावतो. ती दोन-तीनला भरते आणि सकाळपर्यंत तशीच तुंबून उभी.

बिघडतं काय, ते पॅकमधल्या एका सेलवर बघू. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जातीचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. चार्जर आधी ठरावीक करंट देतो. ४.२ आले की व्होल्टेज तिथंच धरून करंट उतरवत नेतो, म्हणून शेवटचे टक्के रेंगाळतात. एवढ्या व्होल्टेजला धन टोकाशी इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, हळूहळू नासतं. दुसरीकडे ऋण टोकाच्या ग्राफाइटवरचा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम कायमचं कामातून जातं. ४.२ ऐवजी ४.१ वर थांबलात तर दहाएक टक्के क्षमता सोडावी लागते, पण ढोबळ हिशेबानं भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या दुपटीच्या घरात जातात. रोज शाहूपुरी ते शिरोली एवढीच धाव असेल, तर ते दहा टक्के हवेत कुणाला?

वर उष्णता मिळाली की हे सगळं आणखी वेगानं होतं. चैत्रात डबलसीट जोतिबाला जाऊन आलात, तापलेली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि लगेच प्लग खुपसला, असं नको. तासभर निवू द्या. आणि पन्हाळ्यावर राहणाऱ्यांनी तर गाडी शंभर टक्के भरून घाट उतरूच नये. भरलेल्या पॅकमध्ये ब्रेक लावताना तयार होणारी वीज परत घ्यायला जागाच नसते.

मागून कुणी तरी एलएफपीचं, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या बॅटरीचं विचारलं. तिचं थोडं वेगळं आहे. ३.२-३.३ व्होल्टवर ती इतकी सपाट चालते की व्होल्टेजवरून किती भरली हे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, नीट कळत नाही. म्हणून अधूनमधून ती पूर्ण भरावी लागते, म्हणजे हिशेब जुळतो आणि सेल बरोबरीला येतात. किती दिवसांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्म्यावर ठेवून जा. शून्यावर नको. बीएमएस स्वतःही थोडी वीज खातो. सेल फारच खाली गेला तर आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. असा मेलेला पॅक थेट सप्लाय लावून ‘जागा’ करणारे आपल्यात आहेत. माझ्याकडे कुणी तो आणला तर मी हात लावत नाही.