जठराच्या भिंतीपलीकडे

[दृश्य: टेबलावर सोनोग्राफीचा रिपोर्ट. शेवटच्या ओळीवर पेनाचं टोक थांबतं.]

यकृत ठीक. प्लीहा ठीक. दोन्ही मूत्रपिंडं ठीक. आणि मग ही ओळ: आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही.

पोटाची सोनोग्राफी केलेल्या अनेकांनी ही ओळ वाचलेली असते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण ज्याच्या पोटात दोन महिने कळ येतेय, ती थेट पाठीत घुसतेय आणि पुढे वाकून बसल्यावरच जरा सैल पडतेय, त्याच्या दुखण्याचं मूळ नेमकं त्या न दिसलेल्या अवयवात असू शकतं.

स्वादुपिंड, म्हणजे पॅनक्रियाज. जेमतेम 15 सेंटिमीटर लांबीचं, जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवं पहुडलेलं. पोटावर जेल लावून प्रोब फिरवला की ध्वनिलहरींना वाटेत चरबी लागते, मग जठर आणि आतडी, आणि त्यांच्यातली हवा. ध्वनिलहरींना हवेचं वावडं. तिथूनच त्या माघारी फिरतात.

गंमत अशी, की जठराच्या आत उभं राहिलं तर हेच स्वादुपिंड भिंतीपलीकडचं शेजारी आहे. भिंत तरी किती जाड? काही मिलिमीटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! 1980 साली अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी हा वळसा टाळला. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब बसवला आणि तो घशातून आत नेला. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘ईयूएस’.

[दृश्य: एंडोस्कोपीची खोली. दिवे मंद होतात.]

पेशंट आदल्या रात्रीपासून उपाशी आहेत. डाव्या कुशीवर झोपवलंय, दातांमध्ये प्लास्टिकची कडी, घशात बधिर करणारा फवारा मारून झालाय. भूलतज्ज्ञ शिरेतून औषध सोडतात. एक जांभई अर्ध्यावरच राहते.

ही नळी नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा जाड आणि टोकाला ताठ असते. डॉक्टरांसमोर दोन चित्रं. एकात कॅमेऱ्याला दिसणारं जठराचं गुलाबी अस्तर. दुसऱ्यात करडा, दाणेदार पट्टा. सगळा खेळ या दुसऱ्या चित्रात आहे. टोकाभोवतीच्या छोट्या फुग्यात पाणी भरतात, म्हणजे प्रोब आणि भिंत यांच्यात हवा राहत नाही.

इतकं जवळ गेल्याचा फायदा काय, ते गणपतीच्या मिरवणुकीत उभं राहिलेल्याला सांगायला नको. ढोल चार गल्ल्या पलीकडून ऐकू येतो, झांजेचा बारीक नाद मात्र जवळ गेल्यावरच कळतो. पोटावरून पाहताना खोलवर पोचणाऱ्या, कमी वारंवारतेच्या लहरी वापराव्या लागतात. आतून पाहताना ती सक्ती नाही. उंच वारंवारतेच्या लहरी लांब जात नाहीत, पण बारकावे टिपतात. पित्तनलिकेत अडकलेला तीन-चार मिलिमीटरचा खडा बाहेरच्या सोनोग्राफीतून निसटू शकतो, कधी सीटी स्कॅनमधूनही. इथे तो पांढरा ठिपका होऊन दिसतो, मागे काळी सावली ओढत. आणि खडा नसला, तर पुढची ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी घालून खडा काढायची प्रक्रिया, टळते. ती करून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळे ती टळणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

आज मात्र शोध खड्याचा नाही.

[दृश्य: अल्ट्रासाउंडचा पडदा. करड्या पट्ट्यात एक गडद डाग.]

हा डाग पाहा. स्वादुपिंडाच्या मधल्या भागात, वेड्यावाकड्या कडांचा. कर्करोग असेल, जुनाट सुजेची गाठ असेल, आपल्याकडे कधी क्षयरोगही निघतो. नुसतं पाहून ठरवायचं नसतं. डॉक्टर डॉप्लर लावतात. रक्तवाहिन्या लाल-निळ्या उजळतात आणि त्यांच्यामधली मोकळी वाट सापडते.

मग सुई. 22 गेजची, म्हणजे जाडी पाऊण मिलिमीटरहूनही कमी. नळीतून उतरते, जठराची भिंत भेदते आणि पडद्यावर लख्ख पांढरी रेघ होऊन डागात शिरते. हात मागेपुढे होतो. दहा, बारा वेळा. दर खेपेला टोक जरा वेगळ्या दिशेला. डेन्मार्कच्या पीटर विल्मान यांनी 1992 मध्ये स्वादुपिंडातून असा नमुना घेतल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी इथवर पोचायचं तर बाहेरून लांब सुई घालावी लागे किंवा पोट उघडावं लागे.

सुई बाहेर येते. सिस्टर काचपट्टी पुढे धरतात. लालसर थेंब, आणि त्यात शेवईच्या तुकड्याएवढा पांढुरका धागा. हाच तो नमुना. थोडा काचेवर पसरतात, उरलेला फॉर्मॅलिनच्या बाटलीत.

[दृश्य: धातूच्या जाळीचा छोटा स्टेंट, तळहातावर.]

पाहण्यासाठी घातलेली नळी पुढे उपचारही करू लागली. तीव्र सुजेनंतर स्वादुपिंडाभोवती कधी द्रव आणि कुजलेला भाग साचतो. चारेक आठवड्यांत त्याला भिंत धरते. पूर्वी याला मोठं ऑपरेशन लागे आणि आधीच खचलेल्या पेशंटला ते सोसत नसे. आता हा स्टेंट. घडण हुबेहूब डमरूची, मध्ये बारीक, दोन्ही टोकांना पसरट. एक टोक पोकळीत उघडतं, दुसरं जठरात. पू जठरात वाहतो. काही आठवड्यांनी दुर्बिणीनेच स्टेंट काढून टाकतात.

कर्करोगाच्या असह्य वेदनेसाठी याच वाटेने महाधमनीजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल सोडतात. ज्या दारूने कित्येकांच्या स्वादुपिंडाची वाट लावली, त्याच रसायनाने वेदना बोथट करायची. वैद्यकशास्त्राला असले योगायोग नवे नाहीत.

पण म्हणून ॲसिडिटी झाली, चला ईयूएस करू, असं नाही. सुईमुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाची सूज होऊ शकते, प्रमाण कमी असलं तरी. नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे कर्करोग नाहीच, असंही म्हणता येत नाही. कधी सुई पुन्हा घालावी लागते. आणि करडा पट्टा वाचणारी नजर तयार व्हायला वर्षं जातात. यंत्र विकत मिळतं, ती नजर मिळत नाही. मोठ्या शहरांबाहेर आजही अडतं ते बरेचदा इथेच.

[दृश्य: रिकव्हरी रूम. सलाईनची बाटली.]

“काका, डोळे उघडा. झालं सगळं.”

“झालं? सुरू कधी केलं?”

बाहेर बसलेल्या काकूंना आत बोलावतात. फॉर्मॅलिनची बाटली लेबल लावून पॅथॉलॉजीकडे निघालीय, रिपोर्टला काही दिवस लागतील. काकूंना विचारायचं बरंच काही आहे, पण त्या नुसती चादर सारखी करतात.

“चहा मिळेल का?” काका विचारतात.

“घसा अजून बधिर आहे,” सिस्टर म्हणतात. “तासभर थांबा. आधी घोटभर पाणी पाजून बघू.”